घरबसल्या स्टिअरिंग

दिवाळीच्या यादीत रवा, मैदा, साखर आणि उटणे यांच्या खाली मुलांच्या अक्षरात ‘स्टिअरिंग व्हील’ असे लिहिलेले आढळले, तर गृहस्थाने दचकू नये. मोटार मागितलेली नाही. पडद्यावरच्या शर्यतींसाठी टेबलाला आवळून बसवायचे चाक आणि पायाशी ठेवायची पेडल्स, एवढीच मागणी आहे. ‘सुकाणूचक्र’ हा शब्द मी वर्गात खुशाल वापरीन. दुकानात वापरला तर विक्रेता मला बंदराची वाट दाखवील. तेव्हा आपण स्टिअरिंगच म्हणू.

दचकण्याची जागा पुढे आहे, आणि ती किमतीची. साधी चाके काही हजारांत मिळतात. बरी म्हणावीत अशी वीस हजारांच्या आसपास सुरू होतात. एवढी तफावत पाहिली की आपण मध्यमवर्गीय माणसे स्वभावाप्रमाणे स्वस्ताकडे वळतो. माझे म्हणणे असे, की इथे नेमके तेच करू नये.

साध्या चाकात एक स्प्रिंग नाही तर रबरी दोर असतो. वळवून सोडले की ते मध्यावर येते. पडद्यावरचा रस्ता कोरडा असो की निसरडा, हाताला ताण तोच. खरी गाडी हाकणाऱ्याला विचारा. पावसात घाटाच्या वळणावर पुढच्या टायरांची पकड सुटू लागते, ती डोळ्यांच्या आधी तळहातांना कळते. स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. ‘फोर्स फीडबॅक’ म्हणतात ते हेच. टायरांवरच्या ताणाचा हिशेब खेळ करतो आणि चाकामागची विजेची मोटर ती ओढ हातांत आणून देते. ही ओढ नसेल, तर मूल आठ दिवसांत आपल्या जुन्या कंट्रोलरकडे परत जाते आणि चाक माळ्यावर, गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाशेजारी. असे स्वस्त फार महाग पडते!

दुसरी गोष्ट फिरण्याची. आपल्या रोजच्या गाडीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन फेरे घेते, म्हणजे 900 अंश किंवा त्याहून जास्त. बरीचशी स्वस्त चाके 270 अंशांत संपतात. जरा हात हलला की गाडी गवतात. 2015 साली आलेले लॉजिटेकचे जी29 आणि 2022 सालचे थ्रस्टमास्टरचे टी128 ही दोन्ही 900 अंश फिरतात. जी29मध्ये दोन मोटर आणि दंतचक्रे आहेत, तेव्हा थोडी खडखड होते. आजोबांच्या पलंगाशेजारी मांडू नये. थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेली ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ चाके याहून सरस खरी, पण ती आपण दुरून पाहावीत.

घेण्यापूर्वी घरातले यंत्र कोणते, ते मात्र विचारावे. जी29 प्लेस्टेशनला चालते, तर तसेच दिसणारे जी920 एक्सबॉक्सला. संगणकाला दोन्ही चालतात. टी128ही दोन तऱ्हांनी येते. भेटवस्तू म्हणून गुपचूप आणणाऱ्या मामा-काकांनी हे विशेष ध्यानात धरावे.

नव्याला पैसे पुरत नसतील तर नव्या स्प्रिंगवाल्यापेक्षा वापरलेले मोटरवाले घ्यावे. पाहायला जाल तेव्हा ते चालू करून बघा. जी29 असेल तर वीज मिळताच ते आपोआप दोन्हीकडे फिरून मध्यावर थांबले पाहिजे. पेडल हळूहळू दाबताना पडद्यावरची पट्टी सलग वाढावी. उड्या मारू लागली, तर आतला भाग झिजला आहे किंवा त्यात धूळ बसली आहे. विजेचा अडॅप्टर मूळचाच आहे ना, तेही बघावे.

घरी आणल्यावर वेगळेच प्रश्न. पेडल्सच्या तळाची पकड गालिच्यासाठी केलेली, आणि आपल्याकडे गुळगुळीत फरशी. जोरात ब्रेक दाबला की पेडल्स पुढे आणि चाकांची खुर्ची मागे! पेडल्स भिंतीला टेकवावीत, बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्यावी. घडीचे टेबल किंवा काचेचे टेबल या कामाचे नव्हे.

इतका खर्च खेळण्यासाठी करावा काय, हा आक्षेप मी ऐकला आहे. जॅन मार्डनबरो नावाचा ब्रिटिश तरुण 2011 साली ‘ग्रॅन टुरिस्मो’ या खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि 2013 साली ल मांच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत धावला. पण या उदाहरणावर घरचा अर्थसंकल्प मांडू नये; असे भाग्य लाखात एखाद्याचे. मला दुसरेच कारण पटते. यादीतले अक्षर कन्येचे असले तर काय? आपल्या कितीतरी घरांत गाडीची किल्ली चिरंजिवांच्या हाती आधी जाते, आणि कन्येने मागितली की ‘रस्त्यावर गर्दी फार’ असे उत्तर मिळते. या चाकावर ती शंभरदा घसरेल, शंभरदा ब्रेक उशिरा दाबील, आणि शेजारी बसून ‘जपून, जपून’ म्हणणारे कोणी नसेल. पुण्या-मुंबईची वाहतूक त्यात नाही, हे खरेच. त्यासाठी पुढे परवाना काढून रस्त्यावरच यावे लागेल.

तिच्यासाठी घ्याल तर दोन पेडल्सचे नको, क्लचसह तीनाचे घ्या. जी29बरोबर तिन्ही येतात. गियरचा दांडा वेगळा विकत मिळतो. तो टेबलाच्या डाव्या बाजूलाही आवळता येतो, आपल्या गाडीत असतो तसा.