मानांकन कोल्हापूरचं, मग ढेप कुठल्या गावची?

मंडळी, वाईनचं नाव बघून पोस्ट सोडून जाऊ नका. विषय गुळाचा आहे.

ऑस्ट्रेलियात ईडन व्हॅली भागात हेन्श्की नावाचं घराणं आहे. 'हिल ऑफ ग्रेस' या एकाच मळ्यातल्या द्राक्षांची वाईन ते मळ्याच्याच नावानं १९५८ पासून करतात. एखाद्या साली पीक मनासारखं आलं नाही, तर त्या नावाची बाटलीच काढत नाहीत. आणि तिथं सगळं इमानावर सोडलेलं नाही. लेबलवर ज्या भागाचं नाव, त्या भागातली किमान ८५ टक्के द्राक्षं आत पाहिजेत, असा कायदा आहे. द्राक्षापासून बाटलीपर्यंत प्रत्येकाला नोंद ठेवावी लागते.

आता आपल्याकडं या. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, अर्ज बाजार समितीचा होता. आज दुकानात 'कोल्हापुरी' म्हणून ढेप घ्या आणि विचारा, गाव कुठलं? गुऱ्हाळ कुणाचं? उत्तर येतं, "एक नंबर माल आहे, न्या बिनधास्त."

रानाप्रमाणं गूळ बदलतो, हे गुळव्याला शिकवावं लागत नाही. शिरोळच्या क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो. नदीकाठच्या काळ्या रानाचा वेगळा, पन्हाळ्याच्या तांबड्या मातीचा वेगळा. भेंडीच्या रसानं मळी काढून केलेल्या गुळात ही चव राहते. काहिलीत साखर ओतली, हायड्रॉस पावडर मारून पिवळाजर्द केला, की सगळी रानं सारखीच. साखरेला गाव नसतं, राव!

व्यापारी म्हणतात, गिऱ्हाइकाला पिवळाच लागतो. लागणारच, कारण सौद्यात आधी रंग बघितला जातो. चोख गुळाला वेगळा दर मिळत नसेल तर शेतकरी ऊस कारखान्याला घालतो आणि चुलवाण विझतं. यात शेतकऱ्याचं काय चुकलं?

२०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं, तेव्हा केवढं रान उठलं! बाजूचे आणि विरोधातले, दोघंही शेतकऱ्याचंच नाव घेत होते. गुळासाठी तेवढा आवाज कधी ऐकलाय?

मागणी साधी आहे. प्रत्येक रव्यावर गाव, गुऱ्हाळ आणि तारीख. बिनसाखरेच्या गुळाचा सौदा वेगळा. आणि बाहेरच्या गुळावर कोल्हापूरचं नाव दिसलं तर थेट गुन्हा. मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे, खोट्या नावाला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगाची तरतूद त्यात आहे. कर्नाटकातला गूळ वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. त्यानं आपल्या गावाच्या नावानं विकावं, एवढंच.

बाजार समिती, अन्न व औषध प्रशासन, लोकप्रतिनिधी, सगळ्यांना हे लागू आहे. आणि आपल्यालाही. पुढची ढेप घेताना दर विचारायच्या आधी गाव विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार अडत्याला विचारेल, आणि अडत्याला उत्तर शोधावंच लागेल.