दहा लाखांची अट

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. भिवंडीत हा विषय काढला की पहिल्यांदा आठवते ते धामणकर नाक्याजवळचे पटेल कंपाउंड. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे तिथली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. पस्तीसहून अधिक जीव गेले, त्यांत कितीतरी लहान मुले होती. मुंबई उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. एप्रिल 2023 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली आणि आणखी आठ जण गेले. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा चिकटतात. नोटीस वाचून माणसे तिथेच राहतात. त्यांच्या खिशाला परवडेल अशी दुसरी खोली या शहरात नसते, म्हणून राहतात.

ही खोली का नसते, याचे उत्तर महापालिकेच्या नगररचना विभागातल्या फायलींत सापडते. मोठ्या गृहसंकुलाचा प्रस्ताव आला की वास्तुविशारदाने जोडलेली कागदपत्रे तपासली जातात: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, झोन दाखला, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला. मग समोरचा रस्ता किती मीटरचा, सामासिक अंतर किती सोडले, चटई क्षेत्र कसे मोजले, गाड्यांना जागा किती, हे पाहिले जाते. सगळे जमले की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, पुढे जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ही छाननी कडक हवीच, आणि खरे तर आज आहे त्याहून कडक हवी. पण ज्याने फाईल टाकली त्याचीच छाननी होते. ज्याने न विचारता चार मजले चढवले, त्याच्या दारात पालिका पोचते तेव्हा खोल्या भरलेल्या असतात. आणि त्या फायलीत एका प्रश्नाला रकानाच नाही: या घरांत या शहरातला कष्टकरी माणूस राहू शकेल का?

शेजारच्या शहरांत तो रकाना आहे. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवरच्या प्रकल्पात 20 टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत ‘20 टक्के योजना’ म्हणून जी घरे निघतात, ती हीच. मात्र अट अशी, की महापालिकेची लोकसंख्या ताज्या जनगणनेनुसार दहा लाख किंवा अधिक हवी. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार या अटीत बसतात. भिवंडीची 2011 ची लोकसंख्या 7,09,665. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 मध्ये आहे. म्हणजे आजच्या भिवंडीतल्या गरिबाचा हक्क 2011 च्या आकड्याने ठरतो आहे. ज्या शहरात इमारती कोसळून इतके कष्टकरी मेले, त्या शहराला स्वस्त घरांच्या नियमातून वगळणे हा अन्याय आहे, आणि तो शासनाने ताबडतोब दूर केला पाहिजे.

नियम लागू झाला तरी काम संपणार नाही. शांतीनगरातला किंवा नागावातला यंत्रमाग कामगार घ्या. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, पगारपत्रक नाही. एकाच खोलीत दिनपाळीवाले उठतात आणि रातपाळीवाले त्याच जागेवर झोपतात, जेवण भिशीत, म्हणजे खानावळीत. त्याला तीस चौरस मीटरचे घर विकत देऊ केले, तर बँक कागद मागणार, आणि त्याच्याकडे तर भाडेकरारही नसतो. त्याला हवी आहे ती पक्क्या इमारतीतली, रीतसर पावती मिळणारी भाड्याची खोली. सप्टेंबर 2024 पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या ‘माझे घर, माझा अधिकार’ धोरणातही कामगारांच्या घरांची भाषा आहे. यंत्रमाग आणि गोदामे यांवर जगणाऱ्या भिवंडीइतके योग्य शहर या दोन्हींना कोणते मिळणार?

हे सांगायचे कुणाला, ही आणखी एक अडचण. एखाद्या इमारतीच्या परवानगीवर नागरिकांची सुनावणी होत नाही. कायद्याने लोकांना बोलायची संधी मिळते ती मुख्यतः विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, हरकती-सूचनांच्या तीस दिवसांत. दिवसभर मागावर उभा असणारा माणूस त्या तीस दिवसांत नकाशा कधी पाहणार? त्याच्या वतीने विचारायला नगरसेवक असतो. पण 2022 नंतर काही वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरकायला सांगितले.

म्हणून वाचकहो, फराळाच्या निमित्ताने नगरसेवक तुमच्या दारी येतील तेव्हा त्यांना दोन गोष्टी विचारा. दहा लाखांची अट भिवंडीपुरती शिथिल करण्याचा ठराव महासभेत मांडणार का? आणि मोठ्या प्रकल्पांची छाननी होताना त्यात भाड्याने देण्याजोगी किती घरे आहेत, हे प्रभागात जाहीर करणार का? उत्तर लेखी मागा, आणि ते आमच्याकडेही पाठवा. आम्ही ते नावानिशी छापू.