पगार आणि खुर्ची तिथेच ठेवून नुसतं ‘मॉडेल’ का आणता?



आरोग्यावर भाषण सुरू झालं की थायलंड आणि ब्राझील ही नावं हल्ली हमखास येतात. तिकडच्यासारखं इकडे करू म्हणतात. करा की! आमची तक्रार एवढीच, की तिकडचं अर्धंच आणलं जातं. ज्याने सरकारी तिजोरीला आणि साहेबांच्या मानाला तोशीस लागते, ते अर्धं नेमकं विमानतळावरच राहतं.

ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचं कर्तव्य म्हणून लिहिलं. १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदा आल्या आणि त्यांतल्या निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या सामान्य लोकांना मिळाल्या. नगरपालिकेला केंद्राचा आरोग्यनिधी हवा, तर परिषद असलीच पाहिजे. तिथेही महापौरांनी आपली माणसं परिषदेत घुसवल्याची उदाहरणं आहेत. राजकारणी सगळीकडचे सारखेच. पण जागा कायद्याने आपली असली की निदान भांडता तरी येतं. घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती त्याच वस्तीत राहणारी हवी, असा तिथला नियम आहे. आणि २०२२ च्या घटनादुरुस्तीने तिचा महिन्याचा पगार किमान वेतनाच्या दुपटीहून कमी असू नये, असं ठरवून टाकलं.

आता आपल्याकडे बघा. आपली आरोग्य कार्यकर्ती आशाही गावातलीच, तीही घरोघर फिरते. मग तिला पगार का नाही? कारण कागदावर ती ‘स्वयंसेविका’. बाळंतीण घरी आली की आशाने दीड महिन्यात सहा-सात वेळा जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, अंगावर पाजतेय का ते पाहायचं. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. हे काम आलं कुठून? गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. देशाने ती पद्धत उचलली आणि बाईच्या मेहनतीची किंमत अशी केली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या. २०२४ मध्ये राज्याने मोबदला वाढवला, तोही आशा मैदानात धरणं धरून बसल्यावर. आणि आजही तो मोबदलाच आहे, पगार नाही.

कोणी म्हणेल, परदेशातलं आपल्या मातीत रुजत नाही. जामखेडला या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० मध्ये तिथे आले. लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि धान्य मागितलं, तर त्यांनी तिथून सुरुवात केली. आधी गावात प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि त्याच गावात बाळंतपणं करू लागल्या. प्राथमिक आरोग्य सेवेच्या १९७८ च्या अल्मा-अता जाहीरनाम्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडची दखल घेतली गेली होती. बाहेरची कल्पना इथे रुजली, कारण ती इथल्या बायांच्या हाती सोपवली. ‘आमच्या लोकांना काय कळतंय’ असं म्हणणाऱ्या साहेबांना हे तोंडावर सांगा.

थायलंडचंही असंच अर्धंच आणलं जातं. २००२ पासून तिथे एका भेटीला ३० बाथ भरले की तपासणी आणि औषध मिळू लागलं. भाषणात एवढंच येतं. पण आधी कित्येक वर्षं तालुक्या-तालुक्यांत रुग्णालयं बांधली, डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली आणि या कायद्यासाठी ५० हजारांहून जास्त नागरिकांनी सह्या दिल्या, हे गाळलं जातं. पैसाही नोंदलेल्या माणशी स्थानिक रुग्णालयाला आधीच मिळतो, म्हणून रोजची ओपीडी त्यात बसते. आपल्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड कामाला येतं ते खाटेवर पडल्यावर. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत आहेत, पण साठा असेल तर. नसेल तर मेडिकलची पायरी चढा. खाटेपर्यंत पोचू नये म्हणून ज्या गोळ्या घ्यायच्या, त्याच कार्डाबाहेर!

आणि खुर्ची? गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती तुमच्या गावातही कागदावर आहे. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी येतो. तिचे सदस्य कोण, गावात विचारून पाहा. २००७ पासून याच राज्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाने दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. म्हणजे हे आपल्याला येतं. त्यासाठी ब्राझीलला जायची गरजही नव्हती.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना किमान वेतनाहून कमी नसलेला मासिक पगार द्यावा. आरोग्य केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत निम्म्या जागा रुग्णांच्या असाव्यात आणि त्यांची निवड ग्रामसभेने करावी. बीपी-साखरेच्या औषधांचा साठा दर आठवड्याला दारावरच्या फळ्यावर लिहावा. ठराव इतिवृत्तात चढला का ते वाचून बघा, सही-शिक्क्याची प्रत मागा आणि ती हातात पडेपर्यंत उठू नका.