‘व्हिडिओ पण बघायचेत’ म्हणताना आवाज का खाली जातो?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. बी.एस्सी.ला प्रवेश झाला, वसतिगृहही मिळालं. “मामा, कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. स्वस्तातला सांगा, पाठीवर घेऊन फिरता येईल असा.” मग आवाज बारीक करून म्हणाली, “आणि व्हिडिओ पण बघायचेत.”

तो बारीक झालेला आवाज माझ्या ओळखीचा आहे. गरजेची वस्तू मागताना त्यात जराशी हौस मिसळली की आपल्याला अपराध केल्यासारखं वाटतं. शिकायला मिळतंय ना, मग करमणूक कशाला? हे आपल्याला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता आपणच आपल्याला ऐकवतो.

२०१६ साली एम.ए.ला असताना मी पहिला लॅपटॉप घेतला. आईने बचत गटातून कर्ज काढलं होतं. दुकानात पहिला प्रश्न आला, “बजेट किती?” आकडा सांगितल्यावर त्याने कोपऱ्यातला एक काढून दिला. “अभ्यासालाच पाहिजे ना? मग पुरे.” रॅम २ जीबी, साठवण ३२ जीबी. म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. दोन महिन्यांत विंडोजच्या अपडेटलाही जागा उरली नाही. रॅम वाढवायची सोयच नव्हती. तो लॅपटॉप पडून राहिला, आई मात्र वर्षभर हप्ते भरत होती.

माझ्या खोलीतल्या मित्राने तेवढ्याच पैशांत एका कंपनीने वापरून काढलेला, जुना पण दणकट लॅपटॉप घेतला होता. तो माझ्यापेक्षा हुशार होता असं नाही. त्याचा चुलतभाऊ इंजिनिअर होता, एका फोनवर काम झालं. जमीन वारशाने मिळते, तसं कुणाला फोन करायचा हेही वारशाने मिळतं. जात अशीही चालते.

म्हणून भाचीला जे सांगितलं ते इथेही सांगतो. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. साठवण एसएसडीच हवी, किमान २५६ जीबी. ‘ईएमएमसी’ लिहिलेलं यंत्र कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पडदा १४ इंची, फुल एचडी आणि आयपीएस असावा, म्हणजे दोघी-तिघींनी बाजूला बसून बघितलं तरी चित्र फिकं पडत नाही. वजन दीड किलोच्या आसपास, कारण गर्दीच्या एसटीतून ते आपल्यालाच वाहायचंय. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे देऊ नका. व्हिडिओ बघायला त्याची गरज नसते.

नवा परवडत नसेल तर कंपन्यांतून आलेले रिफर्बिश्ड थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड बघा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याहून जुन्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचं स्वस्त यंत्र घेतलंच, तर उबुंटूसारखं मोफत लिनक्स टाकायची तयारी ठेवा. दुकानात चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावा. बॅटरी किती उतरली, पंखा किती ओरडतो, आवाज कसा येतो, सगळं कळतं. वॉरंटी बिलावर लिहून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आता त्या बारीक आवाजाबद्दल. ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, त्यांचा मास्तर व्हिडिओच आहे. न कळलेलं दहा वेळा मागे जाऊन ऐकता येतं. ‘एवढंही येत नाही का?’ असं तिथे कुणी म्हणत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. ‘स्वयम’वरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. आणि रात्री तिने ‘फँड्री’ बघितला, भीमगीतं ऐकली किंवा नुसता विनोदी सिनेमा बघून हसली, तरी त्याचा खुलासा तिने कुणालाही द्यायला नको.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. जून २०२० मध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात नववीतल्या एका दलित मुलीचा जीव गेला. घरातला टीव्ही बंद होता, स्मार्टफोन नव्हता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, म्हणजे महिन्याला २१ हजारांच्या आत. ४० हजारांचा लॅपटॉप ही अख्ख्या घराची दोन महिन्यांची कमाई झाली. तामिळनाडूने २०११ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले. त्याला ‘फुकटची खैरात’ म्हणणाऱ्यांच्या घरी संगणक आधीच होता. प्रवेशाबरोबर वही-पुस्तकांसारखा लॅपटॉप मिळावा, ही मागणी आपण मान वर करूनच करायला हवी.

भाचीने २३ हजारांचा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. दुकानात अर्धा तास व्हिडिओ लावून बसली. ताईने विचारलं, “ह्याच्यावर अभ्यास करणार का सिनेमे बघणार?” “दोन्ही,” ती म्हणाली.

तुमच्या वस्तीतून यंदा कुणी पहिल्यांदा कॉलेजात जात असेल, तर त्याच्याबरोबर दुकानात जा. जाता येत नसेल, तर निदान तुमचा नंबर त्याच्याकडे असू द्या.

जय भीम.