विश्लेषण : व्हेप ओढता? मग विम्याच्या अर्जात ‘तंबाखू’पुढे काय लिहाल?

आरोग्य विम्याच्या अर्जात सवयींचा एक रकाना असतो. धूम्रपान करता का, तंबाखू खाता का, दिवसाला किती, किती वर्षांपासून? विडी-सिगारेट ओढणारा या रकान्यापाशी थबकतो, कारण खरे लिहिले तर हप्ता वाढेल हे त्याला ठाऊक असते. व्हेप ओढणारा थबकतही नाही. त्याच्याकडे काडेपेटी नाही, राख नाही, पुडी नाही. बॅटरीवर चालणारी पेनाएवढी नळी आणि फळांच्या वासाची वाफ, एवढेच. तो ‘नाही’वर खूण करतो, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकतो आणि पॉलिसी सुरू होते.

हा ‘नाही’ खरा होता की खोटा, याचा निकाल लागतो तो काही वर्षांनी, रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर. तेव्हा थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकू. कायद्याच्या यादीत व्हेप ही ‘तंबाखू’ नाही. विम्याच्या व्यवहारात मात्र ती तंबाखूच्याच रांगेत बसवली जाण्याची शक्यता दाट आहे. म्हणून ती लपवण्यात ग्राहकाचा तोटा आहे आणि प्रश्न मोघम ठेवण्यात कंपन्यांचा दोष आहे.

कायदा काय म्हणतो?

तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा ‘कोटपा’ या नावाने ओळखला जातो. त्याला जोडलेल्या अनुसूचीत सिगारेट, सिगार, विडी, हुक्क्याची तंबाखू, खायची तंबाखू, तपकीर, गुटखा, इतकेच काय तंबाखू घातलेले दंतमंजनही आहे. ई-सिगारेट नाही. तिच्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. द्रवात निकोटिन असो वा नसो, बंदी सारखीच.

ओढणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. ‘अर्जात व्हेप लिहिले तर पोलीस घरी येतील’ ही भीती म्हणून अनाठायी आहे. उलट बंदीमुळे एक निराळीच अडचण होते. बाजार चोरटा असल्याने नळीतल्या द्रवात नेमके काय आहे याची खात्री देणारे कुणी नाही. ‘माझ्या व्हेपमध्ये निकोटिन नाही’ असे म्हणणाऱ्याकडे दाखवायला ना भरवशाचे लेबल असते ना पावती.

विमा कंपनी मोजते काय?

कंपनीला तंबाखूच्या पानाशी देणेघेणे नसते. हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या यांना असलेला धोका तिला मोजायचा असतो. त्यासाठी रक्तात किंवा लघवीत ‘कोटिनिन’ शोधतात. निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचे कोटिनिन बनते आणि ते काही दिवस सापडत राहते. ते सिगारेटमधून आले, व्हेपमधून आले, मशेरीतून आले की व्यसन सोडण्यासाठी चघळायच्या गोळीतून आले, हे ही चाचणी सांगत नाही. मोठ्या रकमेच्या मुदत विम्यात ही चाचणी होते. आरोग्य विमा पुष्कळदा नुसत्या अर्जावर दिला जातो. म्हणजे चाचणी नाही, तेव्हा सगळा भार त्या एका ‘हो’ किंवा ‘नाही’वर.

मशेरीचे नाव आले ते उगाच नाही. प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात धूर काढणारे अवघे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्या राज्यात तंबाखूचे चित्र काढायचे तर ते सिगारेटचे निघत नाही. ते तळहातावर मळलेल्या चुन्याचे आणि सकाळी दातांना लावलेल्या मशेरीचे निघते. कोकणातल्या एखाद्या आजीला ‘तंबाखू खाता का?’ विचारा, ती ‘नाही’ म्हणेल आणि तिच्या मते ते खरेच असेल. मशेरी लावणे म्हणजे तिच्या लेखी दात घासणे. नातू व्हेपला तंबाखू म्हणत नाही, आजी मशेरीला म्हणत नाही. दोघांचाही अर्ज एजंटाने इंग्रजीत भरलेला असतो आणि खाली ‘मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला’ या ओळीवर सही असते.

क्लेम कुठे अडतो?

अडतो तो केस पेपरवर. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टर सवयी विचारतात आणि रुग्ण तिथे खरे बोलतो, बोलायलाच हवे. ती नोंद कंपनीकडे जाते आणि अर्जाशी ताडून पाहिली जाते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन आरोग्य’ पॉलिसीचे असेच प्रकरण होते. विमेदाराने दारूचे जुने व्यसन अर्जात लपवले होते. न्यायालयाने क्लेम नाकारणे योग्य ठरवले. ते दारूचे प्रकरण होते, पण सवयीबद्दल सरळ प्रश्न विचारला असताना खोटे उत्तर दिले तर काय होते, हे त्यातून दिसते.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. अहमदाबादच्या ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा क्लेम मंजूर करायला लावला. कागदात धूम्रपानाची नोंद आहे एवढ्यावर नकार देता येणार नाही, हा कर्करोग न ओढणाऱ्यांनाही होतो, असे आयोगाने म्हटले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात बजावले, की अर्जातला रकाना कोरा असूनही कंपनीने हप्ता घेऊन पॉलिसी दिली असेल, तर मागाहून ‘माहिती लपवली’ असे तिला म्हणता येणार नाही. जे विचारलेच नाही ते लपवले कसे, हा व्हेप ओढणाऱ्याच्या बाजूचा खरा मुद्दा. अर्जात ‘सिगारेट, विडी, गुटखा’ एवढेच असेल तर त्याची बाजू भक्कम. ‘कोणत्याही स्वरूपात तंबाखू’ असेल तर वाद. ‘तंबाखू किंवा निकोटिन’ असेल तर वादालाही जागा नाही.

आणखी एक कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात मद्य, अमली पदार्थ किंवा ‘कोणतीही व्यसनाधीन अवस्था व तिचे परिणाम’ यांवरील उपचार वगळलेले आहेत. अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली, तेव्हा फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. मृत्यू ६८ होते. त्यातले बहुतेक गांजाचा अर्क असलेल्या भेसळीच्या द्रवाशी जोडले गेले. असा रुग्ण आपल्याकडे आला, तर कंपनी याच कलमावर बोट ठेवील, हे सांगायला ज्योतिषी नको.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम अडवता येत नाही. हा नियम २०२४ पासूनचा. आधी ही मुदत आठ वर्षे होती. पण ‘सिद्ध झालेली फसवणूक’ त्यातून वगळलेली आहे. म्हणजे पाच वर्षे गप्प बसायचे हा मार्ग निर्धोक नाही.

रोहा-अष्टमीत हा प्रश्न कुणाचा?

कुंडलिकेच्या दोन काठांवरच्या या गावांची नगरपरिषद एक आणि अनेक घरांचा रोजगार शेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत. कारखान्यातल्या कायम कामगाराला गट मेडिक्लेम मिळतो आणि त्यात सहसा सवयींचा अर्ज भरावा लागत नाही. नोकरी सुटली, कंत्राट संपले किंवा निवृत्ती आली, की माणूस पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पॉलिसी घ्यायला जातो आणि तिथे पहिल्यांदा हा रकाना समोर येतो. वय वाढलेले, हप्ता जड, त्यात ‘हो’ लिहिले तर आणखी जड. ‘नाही’ लिहिण्याचा मोह नेमका इथेच होतो. शिधापत्रिकेवर चालणाऱ्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असा सवयींचा रकाना नाही. पाच लाखांपर्यंतच्या त्या संरक्षणाची माहिती अशा कुटुंबांनी जरूर घ्यावी, पण ती ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांनाच चालते.

परदेशात गेलेल्या मुलांचा अनुभव इथे उपयोगी आहे. अमेरिकेत वैयक्तिक आरोग्य विम्यात तंबाखू वापरणाऱ्याकडून ५० टक्क्यांपर्यंत जादा हप्ता घेता येतो. पण ‘वापरणारा’ म्हणजे कोण हे तिथे आकड्यात सांगितले आहे : गेल्या सहा महिन्यांपर्यंतच्या काळात सरासरी आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत तर हा अधिभारच चालत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणा सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचा पर्याय सुचवते. तरीही तिथल्या बहुतेक आयुर्विमा कंपन्या बारा महिने निकोटिनमुक्त राहिल्याशिवाय ‘न ओढणारा’ मानत नाहीत. व्हेपचा धोका विडीइतका आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि हप्ता तेवढाच असावा का, यावर भांडताही येईल. मात्र ते भांडण सवय लपवून करता येत नाही.

करायचे काय?

काम आधी नियामकाचे आहे. अपवादांची भाषा एक करता येते, सगळ्या कंपन्यांना ‘आरोग्य संजीवनी’सारखी एकाच साच्याची पॉलिसी विकायला लावता येते, तर सवयीचा एक प्रश्न एकसारखा करायला काय हरकत आहे? सिगारेट, विडी, तंबाखू, मशेरी, गुटखा, व्हेप : नावे घ्या, मराठीत घ्या, गेल्या किती महिन्यांत हे विचारा. अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारे चिंतामणराव देशमुख लहानपणी रोह्यात वाढले. त्या गावातल्या माणसाला विम्याचा अर्ज आपल्या भाषेत वाचता यावा, ही काही मोठी मागणी नाही.

तोवर ग्राहकाने रकान्यात ‘हो’ लिहावे आणि शेऱ्यात ‘ई-सिगारेट, अमुक महिन्यांपासून’ असे स्पष्ट नोंदवावे. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत येते ती उघडून पाहावी; चूक दिसली तर पहिल्या ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. आधीच ‘नाही’ लिहून बसलेल्यांनी नूतनीकरणाच्या वेळी लेखी कळवून पोच घ्यावी. हप्ता वाढू शकतो, कंपनी फेरविचारही करू शकते. पण अतिदक्षता विभागाच्या दाराशी ते कळण्यापेक्षा घरी बसून कळलेले बरे. क्लेम नाकारलाच, तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. तिथे शुल्क नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद चालतात आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.