पडदा कोणाच्या उंचीचा?

घरांत संगणक असावा कीं नसावा, हा वाद आतां कोणी घालीत नाहीं. सुशिक्षित कुटुंबांतून आज होणारी पृच्छा निराळी आहे: मेज लहान, खोली एक, आणि त्या मेजापुढें आळीपाळीनें बसणारीं माणसें चार, तेव्हां मॉनिटर कोणता घ्यावा? दुकानदार याचें उत्तर इंचांत देतो, जाहिरात रंगांच्या संख्येंत देते. आमच्या मतें तें पडद्याच्या उंचींत शोधावयास हवें. आणि तसें कां, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. कांहीं वर्षांपूर्वीं मॉनिटर म्हणजे काचेच्या मोठ्या नळीचा एक पेटाराच असे. तो ठेवला कीं मेजाची निम्मी जागा गेलीच. आजचा चपटा पडदा बहुधा द्रवस्फटिकांवर चालतो. हे पदार्थ प्रवाही असूनही त्यांचे रेणू स्फटिकांप्रमाणें शिस्तीनें उभे राहतात. पडद्यामागें दिव्यांचा उजेड असतो. विजेच्या इशाऱ्यासरशीं हे रेणू वळतात, उजेड कोठें जाऊं देतात, कोठें अडवितात, आणि त्यांतून अक्षर उमटतें. १८८८ सालीं फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास असा पदार्थ प्रथम आढळला. १९६८ सालीं अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीच्या संशोधकांनीं त्याचा पडदा करून दाखविला. यांत आपल्याकडील विद्येचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठाचे पदवीधर शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनीं १९७७ सालीं बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंत सहकाऱ्यांसह चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पुढें त्याच जातीच्या पदार्थांचे पातळ थर, पडदा बाजूनें पाहिला तरी नीट दिसावा म्हणून, उपयोगांत आले.

आतां आकाराविषयीं. मॉनिटरचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. साडेएकवीस इंची रुंद पडदा प्रत्यक्षांत पावणेएकोणीस इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच भरतो. जुना सतरा इंची पडदा अधिक चौकोनी असल्यामुळें त्याची उंचीही जवळजवळ तेवढीच होती! म्हणजे ओळी कांहीं अधिक दिसत नाहींत, केवळ रुंदी वाढते. दोन फूट खोल मेजावर डोळा आणि पडदा यांत सुमारें वीस इंच अंतर राहतें. त्याहून कमी नसावें. एवढ्या अंतरास एकवीस-बावीस इंची पडदा पुरेसा आहे. त्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असले म्हणजे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत वडील मंडळींचा घोटाळा होत नाहीं. विजेचा खर्चही बेताचा. वीस वॅटचा मॉनिटर रोज पांच तास चालला तर महिन्यास तीन युनिटें होतात.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. पडद्याची वरची कड बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणाऱ्या आजोबांस मात्र पडदा आणखी खालीं हवा. नाहीं तर चष्म्याच्या खालच्या भागांतून वाचण्यासाठीं त्यांना हनुवटी वर करून मान मागें टाकावी लागते. उंच मुलग्यास तोच पडदा वर हवा. आणि स्वस्त मॉनिटरचे स्टँड बहुधा पुढें-मागें तेवढे कलतात, वर-खालीं होत नाहींत.

मग होतें काय? पडदा घरांतील कर्त्या पुरुषाच्या सोईनें एकदां बसतो आणि बाकीचीं माणसें आपली मान त्याच्या सोईनें बसवितात. स्वयंपाकपाणी आटोपून रात्रीं कचेरीचें काम उघडणारी सून पडदा हलवीत नाहीं. ती स्वतःच वांकते. दहा वर्षांचें मूल खुर्चीच्या कडेवर बसून वर पाहतें. महिन्यांमागून महिने असें चाललें कीं मानेचें दुखणें कोठून आलें, हें कोणास उमगत नाहीं, आणि दोष बिचाऱ्या संगणकास मिळतो.

याला उपाय महाग नाहींत. चार-पांच इंच वर-खालीं होणारा स्टँड असलेला मॉनिटर घ्यावा. त्यासाठीं एक-दोन इंच पडदा लहान घ्यावा लागला तरी हरकत नाहीं. तें न साधल्यास पाठीमागें शंभर किंवा पंचाहत्तर मिलिमीटर अंतरावर चार भोंकें आहेत कीं नाहींत तें पाहावें, म्हणजे पुढें हलणारी दांडी बसवितां येते. तेंही नको असेल तर पडदा सर्वांत ठेंगण्या माणसाच्या बेतानें ठेवावा, आणि इतरांसाठीं खालीं पाट सरकवावा; मात्र सबंध स्टँड पाटावर नीट टेकला पाहिजे. पोथी ठवणीवर ठेवून वाचणाऱ्या घरांना ही युक्ति शिकवावयास नको. मुलाच्या पायांखालींही एक पाट हवाच.

प्रत्येकाचें संगणकांत स्वतंत्र खातें असावें, म्हणजे आजोबांनीं मोठें केलेलें अक्षर त्यांच्यापुरतें तसेंच राहतें. खिडकी पडद्याच्या पाठीमागें किंवा समोर नसावी, बाजूस असावी. दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावें, आणि पापण्या मिटावयास विसरूं नये. निळा उजेड अडविणाऱ्या चष्म्यावर मात्र पैसे घालवूं नयेत. कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या समीक्षेंत त्याने डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचें दिसून आलें नाहीं. मुलांच्या दृष्टीस त्याहून उपकारक म्हणजे उघड्या हवेंतील खेळ.

एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची, असें आपण अभिमानानें म्हणतों. ती सर्वांची आहे कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे: जी व्यक्ति तीपुढें सर्वांत शेवटीं बसते, तिला ती आपल्या उंचीची करून घेतां येते काय? या महिन्यांत एखाद्या संध्याकाळीं घरांतील प्रत्येकास क्रमानें मेजापुढें बसवून पाहावें, आणि पाट हलविण्याचा आरंभ घरच्या सुनेपासून करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.