स्वप्नाला दलाल कशाला?

हल्ली माणसाला साधं स्वप्न पडायची सोय राहिलेली नाही. पूर्वी सकाळच्या चहाबरोबर स्वप्न सांगावं, घरातल्यांनी "रात्री वालाची उसळ जास्त झाली" असा निकाल द्यावा आणि फाईल बंद व्हावी. आता अपिलात जावं लागतं.

आम्ही कोळगावला राहतो. पालघर-बोईसर रस्त्यावरचं हे गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि २०२१ साली जिल्ह्याचं मुख्यालय आमच्या शेजारी येऊन बसलं. तेव्हापासून कुठल्याही गोष्टीचा अर्थ अधिकृत माणसाकडून, शक्यतो शिक्क्यासह घ्यावा, ही सवय इथल्या हवेतच मुरली आहे. सातबाऱ्याचा अर्थ वकील सांगतो, रक्ताच्या रिपोर्टाचा डॉक्टर सांगतो. मग स्वप्नानंच काय घोडं मारलंय?

माझं स्वप्न अगदी मामुली. मी विरारहून शटलनं येतोय. (विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली, हे स्वप्नखात्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही, तिथं जुनी शटलच धावते.) शेजारी आई बसली आहे. तिला जाऊन वीस वर्षं झाली, पण मांडीवर विड्याच्या पानांची टोपली तशीच. वैतरणा येतं, सफाळे येतं आणि मग एकदम पालघर. मधलं केळवे रोड येतच नाही. आई माझ्याकडे बघून विचारते, "आपलं स्टेशन कुठं गेलं रे?" मी काही बोलत नाही. जागा होतो. पंधरा दिवसांत हे तीनदा झालं.

सौभाग्यवतींनी स्वप्नफलाचं जुनं पुस्तक काढलं. त्यात आई दिसणे म्हणजे धनलाभ आणि गाडी दिसणे म्हणजे खर्च. एकूण हिशेब बरोबरीत सुटला. शेजारचे गृहस्थ तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी सर्व बाजूंनी विचार करून पित्ताचं निदान केलं. अशात पुण्याहून आमची भाची आली. तिनं ऑनलाईन 'स्वप्नकार्य' शिकून घेतलं आहे. वहीत सगळं उतरवून घेऊन ती म्हणाली, "मामा, गाडी म्हणजे तुमचं आयुष्य. आणि ही आजी नाहीच आहे. हा आदिमातेचा आदिबंध आहे. ग्रीकांची डिमीटर!"

आता काय बोलावं? आमची आई जन्मभर केळव्याच्या पानमळ्यात राबली. देव म्हणून तिला शीतळादेवी तेवढी ठाऊक. डिमीटर हा वीज मोजण्याचा प्रकार असावा, असंच तिनं धरलं असतं.

शेवटी बोईसरला टॅरो वाचणाऱ्या एका बाईंकडे माझी रवानगी झाली. फी एकवीसशे. उदबत्ती, काळं मखमली कापड, अठ्ठ्याहत्तर पानांचा जोड. पहिलं पान निघालं कोसळत्या मनोऱ्याचं. बाईंनी लगेच आमच्या फ्लॅटचं दार कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. दुसरा निघाला पेल्यांचा पंजा. काळी घोंगडी पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले उपडे झालेत. पाठीमागे दोन शाबूत आहेत, पलीकडे नदी, पूल आणि एक घर. पण पठ्ठ्या वळून बघायला तयार नाही. त्या माणसाची पाठ मला फार ओळखीची वाटली. मी पान नीट बघायला उचलणार, तोच बाईंनी ते उचललं आणि म्हणाल्या, "नुकसान दिसतंय. स्फटिक घ्यावा लागेल. तीन हजार."

माझं भांडण आहे ते इथं. पानांशी नाही, पान उचलून घेणाऱ्या हाताशी!

पानं बिचारी निरुपद्रवी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ती जन्मली, ती चक्क खेळायला. पुढं १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं जाहीर केलं की यात प्राचीन इजिप्तचं गुप्तज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉनला उलगडली १८२२ साली. म्हणजे अक्षर वाचता येण्याच्या चाळीस वर्षं आधीच ज्ञान वाचून मोकळे! बोईसरच्या मखमलीवरचा जोड तर १९०९ साली लंडनमध्ये निघालेला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंच्या हातची. आमच्या सावंतवाडीच्या गंजिफात दशावताराचे दहा रंग आणि एकशे वीस गोल पानं असतात. पण तिथल्या मत्स्यावताराला 'मुलाला नोकरी कधी लागेल' असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि स्वप्न, चित्र, पुराण यांचा मेळ घालायचाच असेल, तर परदेशी जायला कशाला हवं? बाणासुराच्या उषेची गोष्ट आठवा. तिला स्वप्नात एक तरुण दिसला. नाव नाही, गाव नाही. तिची सखी चित्रलेखा. तिनं काय केलं? उषेला अर्थ सांगितला नाही की खडा दिला नाही. देव, गंधर्व, माणसं अशी एकेक तसबीर काढत गेली आणि उषेपुढं धरत गेली. अनिरुद्धाचं चित्र आलं आणि उषेची मान लाजेनं खाली गेली. झालं काम! चित्र सखीनं काढावं, ओळख मात्र ज्याचं स्वप्न त्यानंच पटवावी. हा नियम मोडला की स्वप्नाचं दुकान होतं.

भाचीचे परात्पर गुरू युंगसाहेब १९३७-३८ साली आपल्या देशात आले होते. कलकत्त्यात त्यांना हगवण लागली आणि दहा दिवस इस्पितळात काढावे लागले. बरं वाटल्यावर त्यांना स्वप्न पडलं, ते ना कालीचं ना बुद्धाचं. इंग्लंडजवळचं बेट, तिथला किल्ला आणि ख्रिस्ती कथेतला पवित्र पेला! त्यांनी अर्थ काढला तो असा, की तू इथं काय करतोयस, तुझं औषध तुझ्या घरी शोध. भारतात येऊन त्या गृहस्थाला आपल्या घरचा पेला दिसतो, आणि आम्ही कोळगावात बसून ग्रीक आई शोधतो.

एक मात्र कबूल करतो. त्या बाईंनी माझं बोलणं तासभर ऐकून घेतलं. मोबाईल न बघता तासभर ऐकणारं माणूस आज घरात मिळत नाही. लोक पैसे मोजतात ते बहुधा त्याचे. त्याबद्दल बाईंना नव्हे, आपल्याला लाज वाटायला हवी. पण ऐकण्याचे पैसे घ्यावेत आणि वर भीती विकावी, हे कुठल्या हिशेबात बसतं?

खरी गोष्ट आता सांगून टाकतो. माझ्या स्वप्नाचा अर्थ मला पहिल्या रात्रीच कळला होता. केळव्याच्या वाडीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी, दादाशी, माझं बोलणं बंद आहे. सहा वर्षं केळवे रोड आलं की मी पेपर डोळ्यांपुढं धरतो. स्टेशन कुठं गेलं, ते आईला सांगणार कसं? मीच पुसलं होतं. अर्थ कळत नाही म्हणून आपण विचारायला जात नाही, बरं का. कळलेला असतो आणि परवडत नाही, म्हणून जातो. दाराची दिशा बदलणं सोपं. दादाच्या दारात उभं राहणं अवघड.

मी स्फटिक घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पालघरला लोकल धरली आणि पुढच्याच स्टेशनला उतरलो. तिथून रिक्षानं केळवे. दादाला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. माझ्या रागाला सवड होती, दादाला असेलच असं नव्हतं. तो ओट्यावर पानं जुळवत बसला होता. मला सुचेना, म्हणून म्हटलं, "लोकल लेट होती."

चष्म्यावरून बघत दादा म्हणाला, "सहा वर्षं?"

आणि आत वळून ओरडला, "अगं, चहा टाक. धाकटा आलाय."

वाडीचा वाद अजून तसाच आहे. ते काम स्वप्नाचं नाही, मोजणीवाल्याचं आहे. परवा भाचीचा फोन आला, "मामा, लागला का अर्थ?" म्हटलं, "लागला, एका स्टेशनच्या तिकिटात." ती म्हणाली, "म्हणजे आदिबंधच ना?"

म्हटलं, "नाही गं. आजीच होती."